शीतगृहाची सुरक्षा तपासणी : विजेची बाजू आणि अमोनियाची बाजू एकत्र कशी तपासून घ्यावी?

प्रश्न : बेदाणा_तासगाव

नमस्कार. तासगाव तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या शीतगृहाचे दैनंदिन व्यवस्थापन माझ्याकडे आहे. प्रकल्प अमोनियावर चालतो आणि चार चेंबर आहेत. तीन चेंबरमध्ये वर्षभर बेदाणा असतो, तर चौथ्यात हंगामापुरती टेबल द्राक्षे ठेवली जातात. इमारत जुनी आहे, विजेची जोडणी वेळोवेळी वाढवत नेलेली आहे आणि मूळ आराखड्यात व आजच्या प्रत्यक्ष जोडणीत बराच फरक पडला आहे.

विमा कंपनीने आणि बँकेने या वर्षी सुरक्षा तपासणीचा अहवाल मागितला आहे. आम्ही एका संस्थेला बोलावले. त्यांच्या माणसाने पॅनलची छायाचित्रे घेतली, अग्निशामक नळकांड्यांवरील तारखा पाहिल्या आणि सर्व व्यवस्था समाधानकारक असल्याचे एका पानाचे पत्र दिले. चेंबरमध्ये तो गेलाच नाही. कागदाची गरज त्या पत्राने भागेल, परंतु आत रोज हमाल काम करतात आणि शेतकऱ्यांचा वर्षभराचा माल आमच्या भरवशावर ठेवलेला असतो, त्यामुळे माझे समाधान होत नाही.

माझ्या नजरेला ज्या गोष्टी खटकतात त्या सांगतो. चेंबरमधील काही दिव्यांच्या काचेत पाणी साचलेले दिसते. सौद्याच्या दिवशी दारे सतत उघडी राहतात तेव्हा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडतो, आणि म्हणून पूर्वी कोणीतरी दिव्यांची एक लाइन त्याला वगळून थेट जोडलेली आहे. मशीन रूममधील मुख्य पॅनल कंप्रेसरच्या शेजारीच आहे. उन्हाळ्यात हेड प्रेशर (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब) वाढले की कंप्रेसर बंद पडतो, म्हणून कटआउटची, म्हणजे ठरावीक दाबाला कंप्रेसर बंद करणाऱ्या स्विचची, मर्यादा वर सरकवून घ्यावी असा ऑपरेटरचा आग्रह असतो. खरी तपासणी म्हणजे नेमके काय पाहावे, ती कोणी करावी आणि वर्षातील कोणत्या काळात करावी, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे ही विनंती.

उत्तर १ : विद्युत_पर्यवेक्षक

नमस्कार. आपण जी लक्षणे लिहिली आहेत त्यांतील पहिली दोन एकाच कारणाची आहेत, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

बाहेर एप्रिल-मे महिन्यात तापमान चाळीस अंशांच्या आसपास असते आणि आत चार-पाच अंश. वायर ज्या पाइपातून भिंतीपार जाते तो पाइप उघडा असेल तर बाहेरची उष्ण हवा त्यातून आत शिरते, थंड टोकाला पोहोचली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते उताराने थेट दिव्याच्या खोक्यात, जंक्शन बॉक्समध्ये किंवा पंख्याच्या मोटरच्या टर्मिनलवर जाऊन साचते. दिवा कितीही जलरोधक घेतला तरी पाणी पाइपातून आतल्या आतच येत असेल तर त्या दर्जाचा उपयोग होत नाही. त्यामुळे तपासनीसाने प्रत्येक चेंबरच्या भिंतीतील वायरींची छिद्रे बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूने सीलबंद आहेत की नाहीत हे एकेक करून पाहिले पाहिजे, आणि पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघून जाण्याची सोय आहे का हेही पाहिले पाहिजे. द्राक्षांच्या चेंबरमध्ये आणखी एक गोष्ट घडते. द्राक्षे टिकावीत म्हणून पेट्यांत ठेवलेल्या पॅडमधून सुटणारा गंधक-डायऑक्साइड ओलाव्याशी मिसळून धातू खातो, म्हणून तेथील फिटिंग आणि स्क्रू इतर चेंबरच्या आधी गंजतात.

आरसीसीबी पडतो म्हणजे तो बिघडला आहे असे समजू नये. ओल्या खोक्यांतून विद्युतप्रवाह जमिनीकडे गळतो आहे हे तो सांगत असतो. वगळून जोडलेली ती लाइन आजच बंद करावी, कारण ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या आणि लोखंडी रॅकला हात लागलेल्या हमालाला वाचवणारे तेथे दुसरे काहीही नाही. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअर संवेदनशीलतेचा आरसीसीबी लागतो. सर्व चेंबर एकाच आरसीसीबीवर असतील तर एका दिव्यामुळे सर्वत्र अंधार होतो, आणि मग लोक तो वगळण्याचा मार्ग शोधतात. प्रत्येक चेंबरला स्वतंत्र आरसीसीबी दिल्यास दोष कोठे आहे हे लगेच कळते आणि कामही थांबत नाही. त्याचे चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून नोंद ठेवावी, शिवाय वार्षिक तपासणीत तो किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडतो हे उपकरणाने मोजून घ्यावे.

मेगर चाचणी (वायरीच्या वेष्टनाचा रोध मोजणारी) ५०० व्होल्टवर घ्यावी आणि रोधन १ मेगाओहमपेक्षा कमी भरल्यास ती लाइन वापरातून काढावी. मात्र ही चाचणी चेंबर रिकामे आणि कोरडे असताना घेतली तर आकडे उत्तम येतात आणि फसवतात. चेंबर थंड असताना, शक्य असल्यास सौद्याच्या दिवसानंतर, पुन्हा एकदा मोजावे. अर्थिंगचेही तसेच आहे. पावसाळ्यात मोजलेला खड्ड्याचा रोध नेहमीच चांगला येतो, पण आपल्या भागात प्रकल्पावर सर्वाधिक भार मार्च ते मे या काळात असतो आणि जमीन नेमकी तेव्हाच कोरडी असते, म्हणून मोजमाप उन्हाळ्यात घ्यावे. केवळ खड्डा मोजून थांबू नये. प्रत्येक मोटरच्या बॉडीपासून अर्थच्या मुख्य पट्टीपर्यंत जोड अखंड आहे का हे तपासावे, कारण गंजलेला एक बोल्टसुद्धा ती सर्व व्यवस्था निरर्थक करतो.

पॅनलचे उष्णताचित्रण (तापलेले भाग दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र) कंप्रेसर पूर्ण भारावर चालू असतानाच करून घ्यावे, रिकाम्या प्रकल्पात सैल टर्मिनल तापतच नाही. ग्रामीण फीडरवर एक फेज जाण्याचे प्रमाण लक्षात घेता प्रत्येक तीन फेजच्या मोटरला फेज जाण्यापासून संरक्षण देणारा रिले आहे का आणि तो खरोखर मोटर बंद करतो का, हे एक फ्यूज काढून प्रत्यक्ष पाहावे. जनरेटर आणि महावितरणचा पुरवठा एकाच वेळी जोडला जाणार नाही असा इंटरलॉक हवा. पॅनलसमोर आयएस १५६५२ प्रमाणाची रबरी चटई हवी, आणि विजेचा धक्का बसल्यास काय करावे याचा मराठी तक्ता भिंतीवर हवा.

अधिकाराविषयी थोडक्यात सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक २०२३ च्या विनियमांनुसार, शासनाने अधिसूचित केलेल्या विद्युत दाबाच्या (व्होल्टेजच्या) वरच्या विद्युत स्थापनेची नियतकालिक तपासणी विद्युत निरीक्षक करतात आणि त्याखालील स्थापनेसाठी मालकाला स्वयंप्रमाणन करता येते. स्वयंप्रमाणन म्हणजे जबाबदारी आपल्या सहीवर येते, म्हणून मोजमापे परवानाधारक ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाकडून आकड्यांसह लेखी घ्यावीत. ज्या अहवालात एकही आकडा नाही तो स्वीकारू नये.

उत्तर २ : प्रशीतन_तंत्रज्ञ

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. आता मशीन रूमबद्दल.

कटआउटची मर्यादा वर सरकवू देऊ नका. कंडेन्सिंग तापमान (कंडेन्सरमध्ये वायूचा द्रव होतो ते तापमान) ४० अंश असताना अमोनियाचा निरपेक्ष दाब सुमारे साडेपंधरा बार असतो, आणि कंडेन्सरवर क्षार साचले, पाणी कमी पडले किंवा यंत्रणेत हवा शिरली की तो त्याहून वर जातो. ऑपरेटरची अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर कंडेन्सर साफ करणे आणि साचलेली हवा काढणे हे आहे. तपासणीत कटआउट कागदावरील दाबाला प्रत्यक्षात कंप्रेसर बंद करतो का हे चालवून पाहावे, आणि त्याची वायर टर्मिनलवर तुकडा टाकून जोडलेली नाही ना, हे पॅनल उघडून पाहावे. कमी दाबाचा आणि तेलाच्या दाबाचा कटआउट यांनाही हेच लागू आहे. सेफ्टी व्हॉल्व्हवर मुदतीची पट्टी असावी. दर पाच वर्षांनी ते बदलण्याची किंवा पुन्हा प्रमाणित करून घेण्याची पद्धत सर्वमान्य आहे. त्यांचे तोंड खोलीत उघडणारे नसावे, ते छताच्या वर मोकळ्या हवेत किंवा पाण्याच्या टाकीत गेलेले असावे.

पॅनल कंप्रेसरच्या शेजारी असणे हा मला आपल्या प्रश्नातील सर्वांत गंभीर मुद्दा वाटतो. अमोनिया ओलाव्याच्या सान्निध्यात तांबे आणि पितळ खातो, म्हणूनच अमोनियाच्या प्रकल्पात पाइप पोलादी असतात आणि तांब्याचे फिटिंग चालत नाही. पॅनलमध्ये मात्र बसबार, संपर्क आणि वायरी तांब्याच्याच असतात. व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) किंवा सीलमधून होणारी किरकोळ गळती वर्षानुवर्षे या भागांवर काम करत राहते, संपर्क हिरवट पडतात, रोध वाढतो, उष्णता वाढते आणि अखेर ठिणगी पडते.

या ठिणगीचे महत्त्व समजण्यासाठी काही आकडे लक्षात ठेवावेत. आठ तासांच्या कामासाठी अमोनियाची सर्वसाधारण मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) मानली जाते आणि ३०० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानला जातो. हवेतील प्रमाण साधारण १५ ते २८ टक्के झाले की तो पेट घेऊ शकतो. पंधरा टक्के म्हणजे दीड लाख पीपीएम, त्यामुळे मोकळ्या जागेत आग लागणे अवघड असते आणि अमोनिया जळत नाही असा गैरसमज त्यातूनच पसरला आहे. बंद मशीन रूममध्ये द्रवाची मोठी गळती झाली तर मात्र ते प्रमाण गाठले जाते.

येथेच वीज आणि अमोनिया यांचा परस्परसंबंध येतो, आणि बहुतेक तपासण्या नेमक्या याच ठिकाणी कमी पडतात. वीज तपासणारा वायरिंग पाहतो, प्रशीतनवाला व्हॉल्व्ह पाहतो. गळती होताच मुख्य स्विच ओढल्यावर काय घडते, हे दोघांपैकी कोणीच पाहत नाही. कंप्रेसर थांबतो हे योग्यच आहे. पण एक्झॉस्ट पंखा त्याच पॅनलवर असेल तर तोही थांबतो, दिवे जातात, गॅस डिटेक्टर बंद पडतो, आणि ज्या क्षणी खोलीतील वायू बाहेर काढण्याची सर्वाधिक गरज आहे त्याच क्षणी तो कोंडून ठेवला जातो. पंखा चालू राहावा म्हणून स्विच ओढलाच नाही, तर शेजारचे पॅनल ठिणग्या टाकण्यास मोकळे राहते.

म्हणून पंख्याचा, आपत्कालीन दिव्यांचा आणि डिटेक्टरचा पुरवठा मशीन रूमच्या मुख्य स्विचच्या आधीच वेगळा काढावा, तो जनरेटरवरही यावा आणि त्याची वायर मशीन रूमच्या बाहेरून न्यावी. पंख्याची मोटर ज्वालारोधक असावी किंवा हवेच्या प्रवाहाबाहेर बसवलेली असावी. दाराबाहेर दोन वेगळी बटणे असावीत, एक सर्व यंत्रे बंद करणारे आणि दुसरे पंखा चालू करणारे, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले असावे. डिटेक्टरने २५ पीपीएमच्या आसपास इशारा द्यावा, पंखा आपोआप सुरू करावा आणि पुढच्या वरच्या पातळीला पंखा सोडून बाकीची वीज तोडावी. तपासणीच्या दिवशी चाचणी वायू डिटेक्टरजवळ सोडून ही साखळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून दाखवण्याचा आग्रह धरा.

आणखी एक गोष्ट. यंत्रणेत साचलेले कंप्रेसरचे तेल काढताना होणाऱ्या गळत्या फार असतात. ड्रेनवर सोडून देताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे का ते पाहावे, आणि ऑपरेटरला ते काम एकट्याने करू देऊ नये.

बेदाणा_तासगाव

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वगळून जोडलेली लाइन आज बंद केली आहे आणि त्या चेंबरमध्ये दुरुस्ती होईपर्यंत बॅटरीचे दिवे वापरत आहोत. एक्झॉस्ट पंखा पाहिला, तो आपण म्हणता तसा मुख्य पॅनलवरच आहे. दोन शंका आहेत. मुख्य पॅनल कंप्रेसरपासून दूर न्यायचे तर त्यासाठी वेगळी खोली बांधावी लागेल आणि त्यास वेळ लागेल, तोपर्यंत काय करावे? आणि चेंबरच्या भिंती पफच्या (पत्र्याच्या दोन थरांमध्ये पॉलियुरेथेन फोम असलेल्या) असल्याने आगीच्या दृष्टीने वेगळे काही पाहावे लागते का?

उत्तर ३ : प्रशीतन_तंत्रज्ञ

खोली होईपर्यंत निदान पंख्याचा फीडर वेगळा करा आणि दाराबाहेरची दोन बटणे बसवा, हे काम थोड्या दिवसांत होते. डिटेक्टर नसेल तर तोही लगेच घ्या. पॅनलची दारे आणि त्यात वायरी शिरण्याची (ग्लँडची) छिद्रे बंद ठेवा, आणि हिरवट पडलेले संपर्क घासून पुन्हा वापरण्याऐवजी बदला. खोली बांधाल तेव्हा तिच्या आणि मशीन रूमच्या भिंतीतून जाणाऱ्या वायरींची छिद्रे वायुरोधक पद्धतीने भरा, नाहीतर वेगळी खोली असूनही वायू तेथपर्यंत पोहोचेल.

उत्तर ४ : अग्निसुरक्षा_सल्लागार

पफबद्दलची शंका अगदी योग्य आहे. दक्षिण कोरियातील इचॉन येथे जानेवारी २००८ मध्ये बांधकाम सुरू असलेल्या शीतगृहात आग लागून चाळीस कामगार मृत्युमुखी पडले, आणि त्याच शहरात एप्रिल २०२० मध्ये गोदामाच्या बांधकामावर पुन्हा तशीच आग लागून अडतीस जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी उष्णतारोधक पॉलियुरेथेन फोममुळे आग आणि विषारी धूर फार वेगाने पसरले. पत्र्याच्या दोन थरांमध्ये असलेला फोम पेटला तर आग भिंतीच्या आतून सरकते आणि बाहेरून पाणी मारून ती सापडत नाही.

त्यामुळे तपासणीत पफच्या भिंतीला जेथे जेथे वीज स्पर्श करते ती प्रत्येक जागा पाहावी. वायर फोममधून उघडी जाते की धातूच्या किंवा अग्निरोधक नळीतून, दिव्याचे खोके भिंतीला चिकटवलेले आहे की अंतर ठेवून बसवलेले आहे, आणि भोक पाडताना उघडा पडलेला फोम पत्र्याने झाकला आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. सर्वांत मोठी काळजी मात्र दुरुस्तीच्या दिवसांची घ्यावी. रिकाम्या हंगामात पाइपाचे वेल्डिंग निघते, आणि तेव्हा लेखी परवानगीशिवाय, शेजारचा फोम झाकल्याशिवाय आणि काम संपल्यानंतर काही काळ लक्ष ठेवणारा माणूस नेमल्याशिवाय टॉर्च पेटवू देऊ नये. अमोनियाचा पाइप पूर्ण रिकामा केल्याची खात्री तर त्याआधीच हवी.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू होतो त्यांच्या मालकांनी आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. आपल्याला मिळालेले एका पानाचे पत्र त्या नमुन्यात आहे का, हे पाहून घ्या.

उत्तर ५ : मुकादम_मिरज

मी हमालांच्या टोळीचे काम पाहतो, म्हणून चेंबरच्या आतल्या बाजूने काही गोष्टी मांडतो. दार बंद झाल्यावर आतून उघडणारी मूठ प्रत्येक चेंबरला असली पाहिजे, ती बर्फाने किंवा गंजाने अडकलेली नसली पाहिजे आणि अंधारात हाताला सापडली पाहिजे. तपासनीसाने स्वतः आत जाऊन, दार लावून घेऊन आणि दिवे बंद करून ती उघडून दाखवावी. धोक्याच्या घंटेचे बटणही आत हवे आणि तिचा आवाज कंप्रेसर चालू असताना ऑपरेटरला ऐकू येतो का, हे पाहावे. जाड भिंतींमुळे आत मोबाइल लागत नाही, त्यावर विसंबून राहता येत नाही.

आत किती माणसे गेली आणि किती बाहेर आली याचा फलक दाराशी असावा. गळतीच्या वेळी कोणीतरी आत राहिले आहे का, हे त्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. पळायचे ते वाऱ्याच्या आडवे किंवा वाऱ्याच्या दिशेच्या विरुद्ध, हे प्रत्येक हमालाला माहीत हवे, आणि वाऱ्याची दिशा कळण्यासाठी छतावर कापडी निशाण हवे. थंड अमोनियाचे पांढरे धुके जमिनीलगत पसरते, त्यामुळे हा वायू हलका आहे, तो वर निघून जाईल या समजुतीवर राहू नये. ओले फडके नाकातोंडावर धरून बाहेर पडण्याइतका आधार मिळतो, परंतु ते घेऊन कोणाला वाचवायला आत जाऊ नये. त्यासाठी स्वतंत्र हवेच्या नळकांड्याचा संच आणि तो वापरायला शिकलेली दोन माणसे लागतात. डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे सतत पाण्याने धुवावे लागते, म्हणून मशीन रूमच्या दाराबाहेर उन्हाळ्यातही चालू असेल असा नळ हवा.

रॅकबद्दलही बोलणे आवश्यक आहे. मार्च २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील चंदौसी येथे बटाट्याच्या शीतगृहाचे छत कोसळून दहापेक्षा अधिक माणसे गेली. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बेदाण्याची आवक एकदम वाढते आणि जागा संपली की मोकळ्या वाटेत व रॅकच्या वर पेट्या लावण्याचा आग्रह होतो. प्रत्येक मजल्यावर किती वजन चालते हे अभियंत्याकडून लिहून घेऊन त्या मजल्यावरच रंगवावे, आणि कूलरच्या पंख्यासमोर व दाराच्या वाटेत पेटी लावू देऊ नये.

उत्तर ६ : विद्युत_पर्यवेक्षक

मुकादमांनी लिहिलेल्या गोष्टी अहवालात समाविष्ट कराव्यात, त्यांतील घंटा आणि आतले आपत्कालीन दिवे विजेच्याच तपासणीत येतात आणि मुख्य स्विच बंद करून ते चालतात का हे पाहिले पाहिजे.

काळाविषयी आपण विचारले होते. डिसेंबर-जानेवारीत माल कमी असताना सेफ्टी व्हॉल्व्ह, पाइप, सीलबंदी, वायर बदलणे आणि पॅनल हलवणे ही कामे उरकावीत. नंतर एप्रिलमध्ये, प्रकल्प पूर्ण भारावर असताना, उष्णताचित्रण, अर्थिंग, आरसीसीबी आणि डिटेक्टरची साखळी पुन्हा तपासावी. कारखाना अधिनियम, १९४८ ने शीतगृहात माल टिकवून ठेवणे ही उत्पादन प्रक्रियाच मानली होती. आता नव्या श्रमसंहितांमुळे कामगारसंख्येच्या मर्यादा आणि नमुने बदलले असल्याने आपल्याला नेमके काय लागू आहे, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या जवळच्या कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. दाबपात्रांची तपासणी मात्र त्या उत्तराची वाट न पाहता सक्षम व्यक्तीकडून करून घ्यावी.

तसेच जोडणीचा आजचा आराखडा आधी काढून घ्या. मूळ नकाशा आणि प्रत्यक्ष जोडणी जुळत नाही असे आपण लिहिले आहे, आणि त्या स्थितीत दुरुस्तीसाठी कोणता स्विच बंद केला म्हणजे कोणती लाइन मृत होते हे कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही. आराखडा झाला की प्रत्येक स्विचला क्रमांक द्या, दुरुस्तीच्या वेळी त्यावर कुलूप लावून चावी काम करणाऱ्या तारतंत्र्याच्याच खिशात राहील अशी शिस्त लावा, आणि आराखड्याची एक प्रत पॅनलच्या दाराच्या आत चिकटवा.

बेदाणा_तासगाव

आराखड्याचे काम परवानाधारक ठेकेदाराला सोमवारपासून दिले आहे. पंख्याच्या वेगळ्या फीडरचा आणि दाराबाहेरच्या बटणांचा अंदाजपत्रकात समावेश करून तो विषय संचालक मंडळाच्या पुढील बैठकीत ठेवत आहे. नवीन तपासणीच्या कामाच्या अटींमध्ये आकड्यांसह मोजमापे, डिटेक्टरची प्रत्यक्ष चाचणी आणि दार आतून उघडून दाखवणे या तिन्ही बाबी लिहिल्या आहेत. मुकादमांनी सांगितलेला माणसांचा फलक उद्या सकाळी चारही दारांशी लागेल.